काकांच्या छत्रीखालचा सेल

पुणे, २ मे २०२५

ती. सुमेधामावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं कार्ड मिळालं. तुझ्या गच्चीवरच्या आमच्या नव्या सोलर सेलची ताकद आठ आठवड्यांनीही शंभरातली सत्त्याण्णव! त्याच्याच जोडीचा, इथे प्रयोगशाळेच्या गच्चीवरचा, बहात्तरवर आलाय. हे सेल स्वस्त पडतात, पण उन्हात टिकतील का, हाच प्रश्न आहे. सरांनी दोनदा विचारलं, आकडे नक्की ना? मी म्हटलं, मावशी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली आहे, आकड्याला पावडर लावायची नाही. वीस तारखेला अहवाल जाईल. माझं पुढचं दोन वर्षांचं काम त्यावरच ठरणार.

लोभ आहेच, त्यात लिंबाच्या लोणच्याची भर पडावी.
तुझी अनन्या

पारनेर, ६ मे

चि. अनन्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आकडे खरे आहेत, पण बाळा, एक गोष्ट मी लिहिली नाही. बारा वाजता मीटर वाचला की मी सेलवर तुझ्या काकांची छत्री उघडून ठेवत होते. पहिल्याच दिवशी आमची कामवाली कडूबाई म्हणाली, एवढुसं हाय ते, करपून जाईल की वो! मलाही पाहवेना. मी शाळेत शिकवून परतायची, तेव्हा काका एसटी स्टँडवर हीच छत्री घेऊन उभे असायचे. घरापर्यंत छत्री माझ्या डोक्यावर आणि स्वतः उन्हात. ते गेल्यापासून सहा वर्षं ती खिळ्यालाच होती. तिला काम मिळालं, म्हणून मी सुखावले.

तुझं पत्र वाचून आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर आठवल्या. अर्धं सांगितलेलं खरं त्यांना चालत नसे. माझे आकडे अहवालातून काढ.

रागाव हवं तर, पण माया पातळ करू नकोस.
तुझी मावशी

पुणे, १० मे

ती. मावशीस,
शि. सा. न.

आधी रडले, मग पत्र सरांना दाखवलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, अशी चूक आपणहून सांगणारं इथे कुणी नाही, मावशींनाच नोकरीवर घेऊ या. अहवाल यंदा जात नाही. पुढचं पुढे बघू.

सोबत एकाच दिवशी केलेले दोन सेल पाठवते. एक उघडा ठेव, दुसऱ्यावर छत्री धर. दोघांचे आकडे लिही, म्हणजे ऊन सेलला किती खातं ते कळेल.

लोणचं विसरू नकोस.
अनन्या

पारनेर, १७ मे

चि. अनन्यास,
आशीर्वाद.

आज पहिला आकडा, दोघांचाही शंभर. छत्री पुन्हा गच्चीवर आली आहे. उघड्याकडे बघून जीव तुटतो, पण हात आवरते. वाचून झालं की पाच मिनिटं त्याच्या शेजारी उन्हात उभी राहते. माझी सावली त्याच्यावर पडणार नाही, एवढं मात्र जपते.

लोणचं मुरतंय.
मावशी