आमच्या टाकीत राहायला आलेल्या साती आसरांबाबत

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
पाणी तपासणी शाखा,
विभागीय कार्यालय (नदीकाठ)

अर्जदार : श्रीमती शालन दौलतराव वाळुंज,
डोहकाठ हाइट्स, तळमजला, नदीकडील बाजू, थेरगाव

विषय : इमारतीच्या जमिनीखालील टाकीच्या पाण्याची फेरतपासणी होणेबाबत, तसेच सदर टाकीत मुक्कामी आलेल्या साती आसरांना त्यांच्या मूळ डोहात राहता येईल असे नदीचे पाणी करून मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या शाखेचा तपासणी अहवाल, ज्यात सदर टाकीचे पाणी 'पिण्यास योग्य' ठरवले आहे.

महोदय,

विषय वाचून आपण हा अर्ज बाजूला सारणार, हे मला दिसते आहे. सारू नये. मी महिला बचत गटाची बरीच वर्षे अध्यक्ष होते, अर्ज कसा लिहितात ते मला कळते आणि माझे डोकेही ठिकाणावर आहे. माझी नात विजयश्री अजून वर्षाचीही नाही आणि या पाण्यापायी ती स्वतःच्या घराबाहेर आहे. ती घरी यावी, एवढीच माझी मागणी आहे. पुढचे सगळे त्यासाठीच लिहावे लागले.

१) आमची इमारत ज्या जागेवर उभी आहे ते आमचे उसाचे रान होते. रान संपायचे तिथे पवनेचा डोह आणि डोहाच्या काठी उंबराखाली शेंदूर लावलेले सात तांदळे, म्हणजे न घडवलेले दगड. त्या साती आसरा. आपण कुठल्या भागातले ते मला ठाऊक नाही, म्हणून सांगते. आसरा म्हणजे पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. आमच्याकडे बाळंतीण सव्वा महिन्याने घराबाहेर पडते ती पहिल्यांदा पाण्यावर जाते. हळदकुंकू वाहते, आसरांची ओटी भरते, मूल त्यांना दाखवते आणि मग तिचे रोजचे कामधाम सुरू होते. माझ्या सासूबाईंनी मला नेले होते. मी माझ्या सुनेला, दिपालीला, नेणार होते. जमीन बिल्डरला दिली तेव्हा करारात गोठ्याचा उल्लेख होता, विहिरीचा होता, आसरांचा नव्हता. नदीकडची भिंत बांधताना तांदळे कुठे गेले, ते ठेकेदाराला आजही सांगता येत नाही.

२) डोह आपण पाहिला नसेल तर पत्ता विचारायची गरज नाही, नाकाने सापडेल. वरच्या अंगाने जो नाला येऊन मिळतो त्याला कधी तांबडा रंग असतो, कधी निळा, आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी हमखास फेस येतो. कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवलेले माझे चांदीचे पैंजण त्या वासाने काळे पडले. दिपालीचा सव्वा महिना झाला त्या सकाळी आम्ही वाजतगाजत नाही तरी नटूनथटून निघालो होतो. भिंतीच्या फाटकापाशी पोचलो तर फेस काठावर येऊन बसलेला. विजू पदराआड ठसकायला लागली. दिपाली म्हणाली, "आई, हितं लेकराला घेऊन उभं ऱ्हाता येत न्हाई." मी तिला माघारी आणले. त्यात तिचे काही चुकले नाही.

३) मग आम्ही काढली ती वाट आमच्यातले बरेचजण काढतात. नदीला जाता येत नसेल तर नदीतले सात खडे आणायचे, ते मांडायचे आणि त्यांनाच आसरा मानून पुजायचे. माझा मुलगा सुजित चाकणला कंपनीत आहे. तो शिफ्ट संपवून आला तसा काठावर उतरला आणि हातमोजे घालून सात खडे घेऊन आला. पार्किंगमध्ये आमच्या टाकीचे झाकण आहे, बोअरचे पाणी तिथे पडते. त्या झाकणाशेजारी खडे मांडले. हिरवे खण वाहिले, बांगड्या वाहिल्या, दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि "बायांनो, लेकरावर लक्ष असू द्या" म्हणून विजूला पुढे केले. पूजेतले खडे पाण्यात सोडायचे असतात. ते मी टाकीत सोडले. पाण्याची पूजा पाण्यात सोडली, याला कोणी चूक म्हणत असेल तर त्याने तेव्हा येऊन सांगायला हवे होते.

४) त्यानंतर जे घडले ते जसे पाहिले तसे लिहिते. दुपारी पंप बंद असताना स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या पाइपात बांगड्या वाजू लागल्या. प्लंबर म्हणाला, पाइपाने हवा धरली आहे. असेल. पण हवा भांडी घासणाऱ्या बाईसारखी थांबून थांबून वाजत नाही. बादलीत लांब केस निघू लागले. बोअरच्या पाण्याने सगळ्या इमारतीचे केस गळतात, हे खरे आहे, पण इतके लांब केस आमच्या इमारतीत कोणाचे नाहीत. एकदा पार्किंगच्या फरशीवर ओली पावले दिसली. टाकीकडून आमच्या दाराकडे आलेली होती. परत गेलेली नव्हती.

विजूच्या अंगावर आंघोळीनंतर लाल चट्टे उठायचे. तरी तिला नळाखालून उचलले की ती रडायची आणि नळाकडे हात करायची. तिच्या जावळाला त्या डोहाचा वास येऊ लागला. साबण बदलला, तेल बदलले, वास गेला नाही. डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. दिपाली तिला घेऊन माहेरी परांड्याकडे गेली आणि फोनवर म्हणाली, "पाणी नीट झालं की येते, तवर न्हाई." तेव्हापासून घरात पाळणा आहे आणि पाळण्यात काही नाही. मी येताजाता त्याला झोका देते, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

५) मी आपल्याकडे तक्रार केली. आपला माणूस आला. टाकीचे झाकण जड आहे म्हणून त्याने फाटकाजवळच्या नळाचे पाणी बाटलीत भरून घेतले. तो नळ टाकीचा नाही. त्याचा अहवाल 'पिण्यास योग्य' असा आला. मी कार्यालयात आले तेव्हा मला सांगण्यात आले की बोअर खासगी आहे, नदी दुसऱ्या खात्याची आहे आणि नाला तिसऱ्याच मंडळाकडे आहे. आसरांचे नाव काढले तेव्हा टेबलापलीकडचे साहेब हसले आणि म्हणाले, "मावशी, देवळात जा." मी देवळातही गेले. तिथले म्हणाले, पाण्याचे काम आमच्याकडे येत नाही. तरी आसरा कोणत्या खात्याकडे येतात ते मला लेखी कळवावे, म्हणजे मी तिकडे खेपा घालीन.

६) माझ्या चुलत सासूबाई अंबुबाई काळेवाडीला असतात. त्यांना बोलावून आणले. त्या झाकणापाशी बराच वेळ बसल्या आणि मला म्हणाल्या, "आगं शालन, बोलवल्यास खऱ्या, पर माघारी कुठं धाडल्यास? आन जात्याल तरी कुठं? त्येंचं घर ऱ्हायलंय का?"

साहेब, तोवर मला भीती वाटत होती. त्या दिवशी भीती गेली आणि वाईट वाटू लागले. कोपलेली बाई आपटत धोपटत येते. या तर भिंतीला धरून चालल्यासारख्या आल्या होत्या. आमचे रान गेले तेव्हा आम्हाला तळमजला तरी मिळाला. यांना कोणी विचारलेसुद्धा नाही. आपल्या घरात विष आले म्हणून सात बहिणी शेजाऱ्याकडे आल्या, तर मी त्यांना काय म्हणून हाकलू? पण माझी नात बाहेर आणि त्या आत, हेही चालण्यासारखे नव्हते.

७) म्हणून टाकी उपसली. टाक्या धुणारा भिमाजी खाली उतरला आणि गाळातून खडे काढून दिले. सहाच निघाले. मी त्याला पुन्हा उतरवले. तो लगेच वर आला, पांढराफटक पडलेला. म्हणाला, "मावशी, खाली कुनीतरी माझं बोट धरलं. बारका हात व्हता. मी न्हाई जायचो परत." त्याने मजुरीही घेतली नाही. टाकी पुन्हा भरली.

सहा खडे मी ओटीसकट डोहावर नेले. "बायांनो, घर घाण झालंय, पर घर तुमचंच हाय," एवढे म्हणून फेसात सोडले. फेस उघडला आणि मिटला. त्यांनी मागे वळून पाहिले असेल का, हे मला तेव्हापासून छळते. घरी आले तर पाइपातला आवाज थांबला होता. इमारतीतल्या लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मी मात्र मनात हिशेब करत होते, कारण सात सोडल्या होत्या आणि सहा निघाल्या होत्या.

८) त्यानंतर दिपालीचा फोन आला. "आई, विजूच्या न्हाणीच्या पातेल्यात काळा खडा निघालाय. हिकडं असले खडे नसतेत. आन तिच्या अंगावर पुन्यांदा तसंच उठलंय." सुजित म्हणतो, खडा सामानातून गेला असेल. सामानाची पिशवी मी भरली होती. झबली, दुपटी, घुटीचे सामान, खुळखुळा. दुसरे काही नव्हते. अंबुबाई म्हणतात, सातजणींतली धाकटी पहिल्यापासून लेकरांच्या मागे असते. जिथे लेकरू, तिथे ती.

मला वाटते, ती विजूला छळायला गेली नाही. तिला चांगले पाणी हवे होते आणि ते विजू गेली तिकडे होते. पण तिच्या अंगाला आपल्या डोहाची घाण लागलेली आहे, त्याला ती तरी काय करणार? सुजित जाऊन तो खडा, म्हणजे तिलाच, काचेच्या बाटलीत घेऊन आला. बाटलीत तिथल्या आडाचे नितळ पाणी भरले होते. घरी येईपर्यंत ते काळे झाले. तिकडे विजूचे चट्टे मात्र ओसरत आहेत, असे दिपाली कळवते.

९) बाटली घेऊन मी डोहावर गेले होते. तिच्या सहा बहिणी तिथेच आहेत, तिलाही सोडावे आणि मोकळे व्हावे, असा विचार होता. झाकण काढले. फेस भिंतीपर्यंत आलेला होता आणि त्यात काहीतरी बुडबुडत होते. माझ्याने बाटली उलटी करवेना. लहान पोरीला त्या पाण्यात कोण सोडेल? मी झाकण लावले आणि तिला परत आणले. आता ती माझ्या ओट्यावर आहे. ती इथे आहे तोवर दिपाली लेकराला घेऊन येणार नाही आणि मी तिला बोलवणारही नाही. धाकटीला टाकीत सोडू शकत नाही, नदीत सोडू शकत नाही, घरात ठेवू शकत नाही. मी फार थकले आहे.

१०) तरी विनंती की, टाकीचे झाकण माझ्यासमोर उघडून खरा नमुना घ्यावा. ते माणूस पाठवून होईल. वरच्या नाल्यात जे सोडले जाते ते ज्यांचे काम असेल त्यांच्याकडून थांबवून डोह पहिल्यासारखा करून द्यावा. याला वेळ लागेल, हे मला कळते. तोवर धाकटीला मी आपल्या ताब्यात देत आहे. सरकारी कागदावर आमचे पाणी योग्य आहे असे आपणच लिहिले, तेव्हा तिला कुठल्या पाण्यात ठेवायचे हे आपल्यालाच सांगता येईल.

आपल्या कार्यालयातील शिपाई ज्योतीराम यांच्याकडून कळले की आपल्या घरी लहान मुलगी आहे, नुकती चालायला लागली आहे. आपल्या घरचा पत्ताही त्यांनी दिला होता. मी बाटली तिकडे पाठवलेली नाही, कार्यालयातच आणून दिली आहे. आपणही ती घरी नेऊ नये. कामाच्या बॅगेतही ठेवू नये, विसरायला होते. आपल्या लेकरावरून मला काही मिळवायचे नाही, मला माझे लेकरू हवे आहे.

दुपारी सगळे जेवायला गेले की बाटलीतून एका बांगडीचा आवाज येईल. घाबरू नये. ती घरी कधी जायचे ते विचारते. मला तिला उत्तर देता आले नाही. आपण द्यावे.

आपल्या उत्तराची आणि नातीची वाट पाहणारी,

(सही)
श्रीमती शालन दौलतराव वाळुंज
थेरगाव
दि. १८ नोव्हेंबर २०२४

सोबत :
१. आपल्या अहवालाची प्रत.
२. टाकीतील पाण्याचा नमुना, माझ्या हाताने भरलेला.
३. धाकटी, काचेच्या बाटलीत. तिचे पाणी रोज बदलावे. नळाचे घालू नये. आपल्या टेबलावर पिण्यासाठी येते ते घालावे.