दोघांत एक पाकीट

बाबा, आज मी तुझ्या जोडीदारावर, तात्यांवर ओरडले. भर अंगणात, त्यांच्या सुनेसमोर. तू असतास तर मलाच दटावलं असतंस, "मोठ्या मानसाशी बोलायची ही रीत हाय काय गो?" नसेल रीत. तुझ्या रीतीने वागून काय होतं ते मी सहा वर्षं बघतेच आहे.

ॲटॅकनंतर तुला मुंबईहून स्टेंट बसवून आणलं, तो दिवस आठवतो का? पोलादपूरला गाडीतून उतरलास आणि पहिलं काय विचारलंस, तर घाटातली दरड काढली का! घरी मी तुला चुलीजवळ बसवलं, डबे पुढ्यात मांडले. सकाळच्या गोळ्यांच्या डब्यावर सूर्य काढला, रात्रीच्या डब्यावर चंद्र. "बरं वाटलं म्हणून सोडायची नाही. एक दिवससुद्धा चुकवायची नाही," मी नर्सच्या आवाजात बजावलं. तू हसलास. "मी काय बालवाडीत हाय?" मग दर महिन्याला ड्युटीची सुट्टी बघून मी वर वाडीवर यायचे आणि रिकामी पाकिटं मोजायचे. हिशेब चोख! एक गोळी उरलेली नसायची. मी तुझ्या पाठीवर थाप मारायचे, आणि वॉर्डातल्या पेशंटना ऐकवायचे, माझ्या बाबांकडून शिका जरा. केवढा तोरा होता मला.

वर्ष पुरं व्हायच्या आत तू शेतावरून येताना बांधावर बसलास तो बसलासच. मी गाडीत तुझ्याजवळ होते, पण महाडला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, स्टेंटमध्ये गुठळी झाली असणार, गोळ्या नियमित होत्या ना? मी त्यांच्यावरच उखडले. "मी स्वतः मोजल्यात," म्हटलं. दहाव्याला नदीवरून परत येताना तात्या माझ्या बाजूला आले आणि खाली बघत बोलले, "एक दिस त्यो गोळी खायाचा, एक दिस मी. माज्या पन छातीत कळ यायची ना गो." मी तिथेच रस्त्यात थांबले. मागून येणारी माणसं वळसा घालून पुढे गेली.

तुमचं मला ठाऊक होतं रे. आंबेनळी घाटाच्या रस्त्यावर तीस वर्षं कामगारांच्या एका टोळीत, दरडीचे दगड दोघांनी मिळून उचललेले. टोळीत तुमचा नियमच होता, जोडीदाराला सोडून तोंडात काही घालायचं नाही. एकाच्या डब्यात दीड भाकरी असली तरी तिचे दोन वाटे व्हायचे. चहासुद्धा तू कधी एकट्याने प्यायला नाहीस. पण गोळी म्हणजे काय भाकरी आहे का? तात्यांना दवाखान्याची भीती, मुंबईला नेऊन छाती फाडतील म्हणून. मग त्यांचा हात धरून माझ्याकडे आणायचं होतंस! स्वतःची मुलगी नर्स, आणि तू वाडीवर बसून डॉक्टरकी करतोस? दिल्यास त्याचं एक वेळ सोडून देईन. पण मी पाकिटं मोजत होते तेव्हा तू समोर बसून बघत होतास. माझी शाबासकी घेत होतास. त्याची मला अजून चीड येते.

दुसऱ्याच आठवड्यात मी तात्यांना जवळजवळ ओढत खाली दवाखान्यात नेलं. तपासणीत कळलं, त्यांनाही एक झटका येऊन गेला होता, कुणाला पत्ता नाही. त्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. तेव्हापासून मी कुणाचीही नुसती पाकिटं मोजत नाही. आधी विचारते, घरात, शेजारी आणखी कुणी घेतं का यातल्या? विचारलं की किती माणसं मान खाली घालतात, बघायला हवं होतंस तू. कुणाची जाऊ, कुणाचा मुंबईहून आलेला भाऊ. मी रागावत नाही, त्यांनाही घेऊन या म्हणते. रागवायचं ते सगळं तुझ्यासाठी शिल्लक आहे.

या महिन्यात तात्या गोळ्या न्यायला आलेच नाहीत. म्हणून आज वर गेले. सून दारातच म्हणाली, "महिना झाला, गोळ्यांना शिवले नायत. पिशवी तशीच खुंटीला हाय." तात्या उन्हाला बसले होते. "नको गो पोरी," म्हणाले. "तुज्या बापाच्या वाटच्या मी खाल्ल्या. त्यो गेला नि मी बसलोय हितं. इतकी वर्सं गिळल्या, आता माज्यान गिळवत नाय." माझं डोकंच फिरलं. "एक गेला तेवढ्याने पोट भरलं नाही का तुमचं?" असं बोलले मी, बाबा. सत्तरीचा माणूस टॉवेलात तोंड घालून रडायला लागला.

मग मी त्यांच्या शेजारी बसले आणि खोटं बोलले. म्हटलं, महाडला नेताना बाबांनी गाडीत मला सांगितलं होतं, तात्याला सांभाळ, त्यालाही गोळ्या चालू कर, चुकवू देऊ नको. म्हटलं, तुमच्यामुळे नाही गेले ते, त्यांचं हृदयच दमलं होतं. "खरं?" त्यांनी विचारलं. मी तुझी शपथ घेतली. तू गाडीत एक शब्दही बोलला नव्हतास. सुनेने पाणी आणलं, तात्यांनी गोळी घेतली आणि जीभ बाहेर काढून दाखवली, लहान पोरासारखी.

हा कागद कुणाच्या हाती लागू देणार नाही. तात्यांच्या कानावर गेलं तर ते उद्याच पिशवी परत खुंटीला लावतील. मी येत्या महिन्यातही वर जाईन, त्यांच्यासमोर बसून गोळी घ्यायला लावेन, त्यात कसूर व्हायची नाही. पण तुझ्यापाशी कशाला लपवू? ती गोळी त्यांच्या घशाखाली उतरली तेव्हा मला बरं वाटलं नाही, बाबा. तू नाहीस आणि ते आहेत, याचाच राग आला.