तळ्याच्या गावातले हे

२ एप्रिल, सनाबिस

जाणार म्हणजे जाणार! आज सांगूनच टाकलं ह्यांना.

दरवर्षी मे संपत आला की हे जर्मनीला. कंपनीचे पंप तिकडे बनतात — समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लँटला लागतात ते — आणि इथल्या मेकॅनिकना ट्रेनिंगला बोलावतात. परत आले की मी विचारणार, कसं होतं? ठरलेलं उत्तर. "काय नाय गं तिथे. तळी आहेत, झाडं आहेत. सहा वाजले की गाव झोपतं. तू कंटाळशील."

मी कंटाळेन! आणि इथे बहरीनमध्ये काय नाचते? क्लिनिकच्या रिसेप्शनवर दिवसभर लोकांच्या दाढांची रडगाणी ऐकायची आणि घरी येऊन भिंतींशी बोलायचं. कारण हे जेवताना बोलत नाहीत. जेवल्यावरही बोलत नाहीत. कानात वायर घालून बसतात, विचारलं तर "बातम्या."

लेक अपेक्षा पुण्याला हॉस्टेलवर. सासूबाईंना जाऊन तीन वर्षं झाली — त्यांचं शेवटचं आजारपण गावी राहून मीच काढलं, हे सुट्टी संपली म्हणून आठवड्यात परत! आता मी कोणासाठी थांबू?

"व्हिसाचं बघू," म्हणाले. मी म्हटलं, बघू नाही. करा.

७ मे

व्हिसा मिळाला! ह्यांना फोन केला. "अरे वा," म्हणाले. अरे वा असं म्हणतात? लिफ्ट बंद पडल्यावर "अरे देवा" म्हणतात त्यात जास्त जीव असतो.

२५ मे, जर्मनी

पोचलो. बर्लिनहून रेल्वे, मग छोटी रेल्वे, मग बस. गावाचं नाव मला अजून म्हणता येत नाही. घशात माशाचा काटा अडकल्यासारखं आहे.

बसचा ड्रायव्हर ह्यांना बघून ओरडला — "सांतो!" मी मागे वळून बघितलं, कोणाला हाक मारतोय. तर ह्यांना! संतोषचं सांतो! हेही हात वर करून काहीतरी बोलले. जर्मनमध्ये. ड्रायव्हर हसला, मग हे हसले. दात दिसेपर्यंत. असे शेवटचे कधी हसले होते, मला आठवेना.

"तुम्हाला जर्मन येतं?"

"थोडंफार."

"कधी शिकलात?"

"असंच."

असंच! सर्दी असंच होते, भाषा येत नाही. म्हणजे कानात त्या बातम्या नव्हत्याच. माझ्या शेजारी सोफ्यावर बसून हा माणूस जर्मन शिकत होता, आणि मी समोरून विचारत होते, उद्या भाजी कुठली करू!

२६ मे, रविवार

सगळं बंद. सगळं! दूध घ्यायला निघाले तर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. सनाबिसला ईदच्या दिवशीही खालचं कोल्ड स्टोअर, म्हणजे आपलं वाण्याचं दुकान, उघडं असतं. इथे एक बाई खिडकीत दिसली. मी हसले. तिने पडदा ओढला! मी काय मागायला आले होते तिच्याकडे?

हे सकाळपासून गायब. दुपारी आले ते केसांत लाकडाचा भुसा घेऊन.

"कुठे होतात?"

"जरा तळ्यावर."

भुसा तळ्यात असतो?

बाई असणार. सरळ लिहिते, इथे कोण वाचायला येतंय! भुशाचं काय ते मला जुळत नाहीये. पण बाईच असणार. त्याशिवाय माणूस एवढा टवटवीत दिसत नाही.

२८ मे

बाई नाही. म्हातारा आहे.

ट्रेनिंग सुटल्यावर हे खोलीवर न येता थेट तळ्याकडे वळले. मी मागोमाग. काठावर एक लाकडी शेड, आत उलटी घातलेली होडी, आणि सत्तरीचा एक उंच, वाकलेला म्हातारा. हार्टमुट त्याचं नाव. हे गुडघ्यांवर बसून फळीवर रंधा मारत होते. आणि बोलत होते! हातवारे करून, एकातून दुसरं काढत. म्हातारा मान हलवत होता, मध्येच दोघं हसत होते. मी दारात उभी. शब्द एक कळला नाही. पण माझ्या नवऱ्याला एवढं बोलता येतं हे मला लग्नाला चोवीस वर्षं झाल्यावर, परक्या देशात, एका शेडच्या दारात उभं राहून कळावं?

मला बघितलं आणि बोलणं बंद. नळ पिळून बंद करतात तसं.

संध्याकाळी भांडले. दबक्या आवाजात भांडावं लागलं, कारण इथे भिंतीपलीकडच्यांनाही शांतता लागते! तर पहिल्या वर्षापासून हे त्या म्हाताऱ्याबरोबर जुन्या होड्या दुरुस्त करतायत. गुहागरकडे ह्यांचे बाबा होड्या बांधायचे, ते मला माहीत होतं. ह्यांच्याही हातात ते काम आहे, हे कधी बोलले नाहीत.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, त्याचा उपयोग काय."

म्हणाले असते. मग? बायकोने एवढंसुद्धा विचारायचं नाही?

३० मे

मी चुकीच्या डब्यात टाकलेला कचरा शेजारणीने बाहेर काढून माझ्या हातात दिला. हसत! ह्यांना सांगितलं तर म्हणतात, "बरोबर आहे तिचं."

१ जून

आज मला होडीतून फिरवलं. म्हणजे मीच म्हटलं, मला फिरवा, मी काय खोली सांभाळायला आलेय?

तळं मोठं आहे. मान्य. चारी बाजूंनी उंच झाडं, आणि पाणी असं की खाली झाडं परत दिसतात. हे वल्हवत होते. मी बोलत होते. क्लिनिकचं, अपेक्षाच्या परीक्षेचं, खालच्या फ्लॅटमधून आपल्या छतावर पाणी येतं असं सांगणाऱ्या त्या वेड्या माणसाचं. छतावर! खालून! हे हसतील म्हणून सांगत होते.

तर म्हणतात, "जरा ऐक ना."

"काय ऐकू? काही आवाजच नाही!"

"तेच."

असा राग आला! एवढ्या लांब येऊन मी तोंड मिटून बसायचं? ठीक आहे. मिटलं. काठाला लागेपर्यंत एक अक्षर बोलले नाही. म्हटलं, आता विचारतील, काय झालं. छे! आपले शांतपणे वल्हवतायत. उलट खांदे सैल सोडून, आकाशाकडे बघत. माझा राग ह्यांना सोयीचा पडला!

२ जून

परत रविवार. परत बंद.

४ जून

हे ट्रेनिंगला. दुसरं करायचं काय म्हणून मी एकटीच तळ्यावर गेले. लाकडी धक्क्यावर बसून पाय पाण्यात सोडले. पाणी एवढं गार की आधी ओरडले, मग इकडेतिकडे बघितलं कोणी ऐकलं का. कोणी नव्हतंच.

पलीकडे लव्हाळ्यात दोन मोठे राखाडी पक्षी चालत होते. उंच पायांचे, डोक्यावर लाल ठिपका. एक पुढे, एक मागे. मागचा मध्येच थांबायचा, पुढचा मान वळवून बघायचा, पण बोलवायचा नाही. नुसता उभा राहायचा. मी किती वेळ बघत होते कोण जाणे. हार्टमुट आला, माझ्या शेजारी कॉफीचा मग ठेवला आणि काही न बोलता परत गेला. आधी वाटलं, उद्धट आहे. मग कॉफी प्याले. चांगली होती.

ऊन पाठीवर आलं तेव्हा कळलं, दुपार झाली. आणि सकाळपासून मला कोणाचाच राग आला नव्हता.

ह्यांना सांगितलं नाही. का सांगू? त्यांनी सांगितलं होतं?

६ जून

बोलायला कोणी नाही. लिहिते तरी.

आज ट्रेनिंगच्या साहेबाकडे निरोपाचं जेवण होतं. घरामागची बाग, लांब टेबल, सगळे हळू आवाजात बोलणारे. साहेबाची बायको, फ्राउ लिंडनर, माझ्याशेजारी बसली. गोड बाई, इंग्लिश चांगलं बोलते. माझा हात धरून म्हणाली, तुम्ही आलात, फार बरं वाटलं. आता तरी तुमचं मन बदलेल ना?

मी म्हटलं, कशाबद्दल?

तिला वाटलं, मी थट्टा करतेय. मग सगळं बाहेर आलं. गेल्या वर्षी कंपनीने ह्यांना इथेच कायमची नोकरी देऊ केली होती. इथल्या वर्कशॉपमध्ये. बायकोला घेऊन या, घर बघून देऊ, म्हणाले. ह्यांनी नकार दिला. यंदा आल्या आल्या परत विचारलं. परत नाही. आणि कारण? "माय वाइफ विल नेव्हर लीव्ह बहरीन."

मी! मी बहरीन सोडणार नाही!

अख्ख्या बिल्डिंगला विचारा! त्या उन्हाला, त्या धुळीला, सीफच्या ट्रॅफिकला माझ्याइतक्या शिव्या कोणी दिल्या असतील तर समोर यावं. मला कोणी विचारलं? कधी? माझ्या नावाने नकार देऊन हा माणूस मोकळा, आणि ह्या गावात मी कोण — तर बिचाऱ्या सांतोची हट्टी बायको! म्हणून बघतात सगळे असे. म्हणून त्या बाईने पडदा ओढला!

केक खाल्ला. कसा खाल्ला माझं मला माहीत.

खोलीवर आल्या आल्या विचारलं. "मी कधी नाही म्हटलं?"

हे शर्टाची घडी घालत होते. घालतच राहिले.

"तुला नसतं आवडलं."

"ते मी ठरवेन!"

परत नळ बंद.

९ जून, सनाबिस

परत आलो. दोन्ही विमानांत मी खिडकीकडे तोंड करून बसले. एअरपोर्टबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. ह्यांनी चष्मा पुसायला रुमाल पुढे केला. घेतला नाही.

१२ जून

हुस्नाआपाकडे जाऊन सगळं ओकले. वरच्या मजल्यावर राहते, रत्नागिरीची. मी इथे नवीन आले तेव्हा मासळी बाजार हिनेच दाखवला, तेव्हापासून माझं सगळं हिला माहीत. चहावर साय धरली तरी मी बोलतच होते. माझं आयुष्य, माझं नाव, मला न विचारता! आपाचे महमूदभाई बाहेरच्या खोलीत होते, त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आपाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझं म्हणणं सगळं खरं. त्यांचं चुकलंच. पण आता तू जाशील काय, ते बोल."

मी कपातली साय काढत बसले.

माझ्या बाजूने बोलायचं सोडून हे काय विचारणं!

१३ जून

क्लिनिकमध्ये एका पेशंटवर ओरडले. मग सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "मॅडम, माफी मुश्किल." अरबीत नो प्रॉब्लेम म्हणे! सगळ्यांना एवढं नो प्रॉब्लेम कसं असतं?

१५ जून

जाईन.

का नाही जाणार? सकाळी ओट्याशी उभी होते, कांदा चिरत, आणि एकदम वाटलं — मी जाईन. रागाने नाही. म्हणजे थोडी रागाने. पण त्या धक्क्यावर परत बसावंसं वाटतंय, हेही खरं. क्लिनिकला दुसरी कोणी मिळेल. कचऱ्याचे डबे पाठ करीन. जर्मन शिकेन, असंच! रविवारी दुकानं बंद तर शनिवारी दूध आणून ठेवीन, त्यात काय एवढं.

अपेक्षाला फोन केला. "मम्मा, यू? इन दॅट सायलेन्स?" आणि हसत सुटली. हसू दे. मग म्हणाली, "डॅडला विचारलंस?" एवढंच मराठीत.

विचारायचं काय त्यात? त्यांनाच तर तिथे जीव रमतो. मी कारण होते ना? मग कारण संपलं! शुक्रवारी सांगणार. आता कोणाचं नाव पुढे करतात, तेच बघते.

२१ जून, शुक्रवार

बुसैतीनला गेलो, समुद्रावर. बाहेर उकडत होतं, गाडीतच बसलो. मी सांगितलं. चला, जाऊया. मी तयार आहे. आनंदाने.

ह्यांनी एसी कमी केला. मग म्हणाले, "तुझं नाव सांगितलं, ते सोपं होतं म्हणून. कंपनीवाले म्हणाले, बायकोला घेऊन ये. मला तिथे एकट्याला राहायचंय, हे कोणाला सांगणार? तुला कसं सांगणार, भक्ती?"

ओरडायला तोंड उघडलं. राग आलाच नाही. वाट बघितली, तरी आला नाही.

"कधीपासून?" एवढंच म्हटलं. असं कधीपासून वाटतंय, ते मला विचारायचं होतं.

"एक ऑगस्टपासून," ते म्हणाले. "परवाच कंपनीला हो कळवलं."