जर्मनाचा डावा डोळा

२ ऑगस्ट, शनि.
मस्कतहून आलो. लालबागची खोली तीच, पाय पसरले की कपाटाला लागतात. तिकडे गॅरेजात दिवसभर गाड्यांना रंग मारताना घर आठवतं. इथे आल्यापासून बूट काढावेसे वाटत नाहीत. आई म्हणते, "बस मेल्या, वाऱ्यासारखो कित्या फिरतस?"
बॅगेत कपडे कमी, खोका मोठा. टायगर. जर्मन रणगाडा, सुटे भाग जोडून बनवायचा, सोबत बोटाएवढी पाच माणसं. आईने खोका हलवून बघितला. "ह्येच्यासाठी तिकडे राबतस?"

५ ऑगस्ट, मंगळ.
बाबा परळच्या गणपती कारखान्यात. मूर्ती रंगवणारे तिथे पुष्कळ, पण डोळ्यांची आखणी फक्त बाबांची. नववीत शाळा सुटली तेव्हा मलाही हाताखाली घेतलं होतं. हात बसला आणि मी पळालो. आयुष्यभर कोणाचा तरी पोरगा म्हणून...
टायगरचा पट्टा कडी-कडी जोडतोय. हात कामात असला की डोकं गप्प.
स्टिकरच्या कागदावर नाझींचा तो झेंडा होता. कापून टाकला. मला गाडी आवडते, ती माणसं नाही. आईने केरातनं उचलला.
"स्वस्तिक केरात टाकतस?"
"तो आपलो न्हय गे."
"तिरक्या म्हणान काय झाला?"
तिने देव्हाऱ्यात ठेवला. ती वाळलेले कपडे काढायला गेल्यावर मी गॅसवर जाळला.

८ ऑगस्ट, शुक्र.
कमांडर रंगवला. चेहरा नखाएवढा. डोळे काढले आणि हसायलाच आलं. जर्मन आशीर्वाद देतोय! काळी रेघ कानाकडे ओढलेली, बुबुळ मोठं, नजर शांत. पुसून परत काढले. परत बाप्पाच. माझ्या हातातनं दुसरा डोळा निघतच नाही.
बाबांनी चष्मा वर केला. "ह्यो खय बघता?"
"लांब. शत्रू येतोय का ते."
"लांब खय? माका बघता. पाया पडू काय ह्येच्या?"
या सुट्टीत पहिल्यांदा हसले. "आण हकडे." मी काढलेले दोन्ही डोळे पुसले, उजवा काढला. शेवटची रेघ सरळ गालावर गेली.
बाबांनी ब्रश उजेडात धरून बघितला. मग, "ब्रश खराब आसा तुझो."
ब्रश नवा होता.

१० ऑगस्ट, रवि.
कारखान्याचे मालक दिनूशेठ नाक्यावर भेटले. "काय रे मस्कत, कधी निघतोस? बाप तुझा यंदा स्लो झालाय हां. पडदा लावून बसतो, कोणाला आत सोडत नाही."
वय झालं, म्हटलं.
"वय कोण विचारतंय? पुढच्या रविवारी मंडळवाले मूर्ती न्यायला येणार, ढोल बुक झालेत. आंधळी मूर्ती देऊ काय त्यांना?"
माझं तिकीट वीसचं. गॅरेजवाल्याचा मेसेज: उशीर केलास तर दुसरा माणूस घेतो.
आईला विचारलं, बाबांचा हात कधीपासून थरथरतो. "तू गेलंस त्या वर्षापासून, थोडो थोडो." आणि लगेच, "पण तू जा. तुका हय जमाचा नाय."
जा म्हणाली तर राग का आला?

१३, बुध.
टायगर पुरा. चिखल, गंज, धूर, सगळं बसलंय. वर कमांडर, एका डोळ्याचा. डावा काढायला बसतो, उठतो, परळ नाक्यापर्यंत जाऊन येतो. काम काहीच नसतं तिथे.

१६, शनि.
बाबांचा डबा पोचवायला गेलो. पडदा सारला. बाबा परांचीवर, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं. मोठी मूर्ती. उजवा डोळा झालेला, आणि काय डोळा! डावीकडे नुसतं पांढरं. काढून काढून पुसलेलं.
"डबो थय ठेव आणि जा."
चढलो वर.
"दोनव डोळे एकाच हाताचे व्हयेत," बाबा म्हणाले. "नायतर लोकांक कळता."
"तुमचोच हात आसा माझ्याकडे."
"तू जर्मनाचो गणपती करतस. ह्येचो जर्मन करशीत."
दोघंही हसलो, परांची हलली. हसता हसता त्यांनी ब्रश पुढे केला. माझ्याकडे न बघता.

१७, रवि.
मूर्ती गेली. जाण्याआधी दिनूशेठ समोर उभे राहिले, डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले. "कुठूनही माझ्याकडेच बघतोय. हात आहे बाबा तुझा अजून!"
बाबा नुसतं हं म्हणाले. ढोलात मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.
आत घरगुती मूर्तींच्या रांगा. सगळ्या पांढऱ्या डोळ्यांच्या. बाबांनी त्या दाखवल्या नाहीत. मीच बघितल्या.

१९, मंगळ.
बॅग भरली, काढली, परत भरली. आई लाडू बांधून देतेय.
बाबांनी सकाळी कामाला निघताना आपल्या पिशवीत दोन ब्रश टाकले. एरवी एकच नेतात.
टायगर खिडकीत ठेवलाय. गालावरची रेघ पुसलेली नाही. डावा डोळा कोरा.
विमान उद्या दुपारचं. कारखाना सकाळीच उघडतो.