मूठभर मोहरी

॥ श्री ॥
मोशी, ता. ९ डिसेंबर २०२४

चि. स्वरूपास अ. आ.,

फोनवर तू नुसतं हं-हं करतीस, म्हणून कागद घेतला. तुझी मोहरी कमरेला लागली. शेजारच्या प्लेटिंगच्या शेडचं पाणी रानात मुरलं, तरी माजलीय मेली. आबा अंथरुणाला खिळलेत, पण रोज विचारतात, आपल्या रानातली भाजी कधी करतीस? मंडईतला मोहरीचा पाला आणून आपला म्हणून वाढला, तर पहिल्याच घासाला म्हणाले, ही आपल्या मातीची न्हाई. पाय गेले, जीभ शाबूत हाय. मूठभर पाल्यानं काय होतंय? लवकर कळव.

तुझ्यावर जीव असलेली,
आज्जी

नागपूर, ता. १६ डिसेंबर

ती. आज्जीस शि. सा. न.,

मूठभरही नको. शेडच्या पाण्यातलं शिसं मातीत बसलंय. मोहरी ते मुळांनी ओढून पाल्यात साठवते, म्हणूनच ती पेरली. शेळीला घालू नकोस, चुलीतही नको. उपटून पोत्यात भरायची, मग घातक कचऱ्याच्या गाडीत द्यायची. एका पिकानं थोडंच विष निघतं. रान खाण्याजोगं व्हायला दहा-पंधरा वर्षंही लागतील. हे आबांना सांगू नकोस. पुढच्या साली बाजरी पेरू, असं सांग.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझी स्वरूपा

मोशी, ता. २२ जानेवारी २०२५

चि. स्वरूपास आशीर्वाद.

आबांच्या मातीला येऊन परीक्षेला परत गेलीस, बरं केलंस. रडून गेलेला माणूस उठत न्हाई.

काल इंद्रायणीच्या घाटावर दहावा झाला. पिंडाला कावळा शिवेना. ऊन डोक्यावर आलं. तुझा शेखरकाका म्हणाला, आबांचा जीव भाजीत अडकलाय, आणि गाडी काढून रानातला पाला घेऊन आला. भटजीही म्हणाले, एक पान ठेवा. मी तो हिसकून पिशवीत कोंबला. जित्या नवऱ्याला दिला न्हाई, तो मुक्या पाखराला घालू व्हय?

मग पिंडापुढं तुझं शिकवलेलं बोलले, पुढच्या साली बाजरी पेरते. कावळा फांदीवरच. त्यांना माझी लबाडी कायम कळायची, मंडईच्या पाल्याची कळली तशी. शेवटी खरं बोलले. तुमचं रान माझ्या हयातीत खायला येत न्हाई. पण विकणार न्हाई. दरसाल मोहरी पेरीन आणि उपटून टाकीन.

कावळा आला, घास घेऊन गेला. शेखर म्हणतो, आबांनी ऐकलं. मी म्हणते, भुकेजला असंल.

पोती झटकून ठेवलीत. परीक्षा झाली की ये. एकटीनं उपटवत न्हाई.

आहे तोवर लोभ राहू दे.
तुझी आज्जी