नारळ घेऊन दारात

४ फेब्रुवारी
मी बोलतेय, नात प्रणाली लिहितेय. माझं बोट पाटीवर कधी फिरलं नाही. तिला बजावलंय, शहाणपण तुझं नको, शब्द माझे ठेव.
विनयचा फोन. थोरल्याचा मुलगा, इंग्लंडात पार्सलची गाडी चालवतो. दिवाळीनंतर वळणावर त्याच्या गाडीला एक म्हातारी धडकली, तिचं कमरेचं हाड मोडलं. आजवर लपवलं पोरानं. आता कोर्टाचं बोलावणं. गाडी बेफाम चालवली म्हणे.
"न्हाय आजी, हळूच होतो."
खोटं बोलताना तो नाक ओढतो. आज नाही ओढलं.

१९ फेब्रुवारी
आधी छोटं कोर्ट. तिघे बसतात. पगार नाही, कायदा शिकलेले नाहीत. म्हटलं, मग आपल्या अंजूरच्या पारावरचेच की! फोनवर विनय हसला.
केस मोठ्या कोर्टात गेली. तिथं जज केसांचा टोप घालतो. वकील दोन, एक कागदाचा, एक तोंडाचा. आपला जमिनीचा वकील दोन्ही एकटाच करतो, आणि एकही होत नाही.
जामीन मिळाला.

२ मार्च
कागदाच्या वकीलबाई म्हणतात, आधीच कबूल केलंस तर शिक्षा कमी. नाहीतर बारा जण ठरवणार. जज कायदा सांगतो, शिक्षा देतो. दोषी की नाही, ते बारा.
"कोण बारा?"
"कुणीही, आजी. मास्तर, दुकानदार, गाडीवाला. नावं चिठ्ठी टाकल्यासारखी निघतात."
"तुला ओळखतात?"
"ओळखणाऱ्याला बसवतच न्हाय."
घर माहीत नाही, बाप माहीत नाही, आणि निवाडा करणार. असो. न केलेलं कबूल करू नको, म्हटलं.

१५ मार्च
ती म्हातारी डोळ्यांपुढून हलत नाही. माझ्याच वयाची. विनयला म्हटलं, तिच्या घरी जा. आमच्यात असंच. बैल कुणाच्या शेतात घुसो, गाडीचा धक्का लागो, चूक कुणाची ते मागाहून. आधी नारळ घेऊन दारात जायचं, मान खाली घालून बसायचं. समोरच्यानं पाणी दिलं की निम्मं भांडण मिटलं.
"आजी, पण जामिनात..."
"जामिनाचं वकिलाला सांग. मला म्हातारीचं सांग."

१८ मार्च
गेला. नारळ तिथंही मिळाला म्हणे. दार तिच्या मुलानं उघडलं. पाणी नाही, पोलीस आले.
त्या घराकडे फिरकायचं नाही, अशी जामिनाची अटच होती. साक्षीदारावर दबाव टाकायला आला, म्हणतात. नारळाचा दबाव! हसू आलं, ते तिथंच विझलं.
जामीन रद्द. विनय आत.
थोरली सून, विनयची आई, माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवते नि जाते. पाणी मीच उठून घेते.

६ एप्रिल
तुरुंगातून फोन.
"आजी, जेवलीस?"
मला विचारतो! म्हटलं, माझं ऐकलंस कशाला, गाढवा?
"लहानपणापासून ऐकतोय. आता कुठं सोडू?"
प्रणालीचा हात थांबलाय. लिही गं, रडणं नंतर.

१२ ऑगस्ट
मधे काही सांगितलं नाही. काय सांगणार?
केस उभी राहिली. विनयचा मित्र बघायला बसतो, तो कळवतो. सरकारी वकिलानं त्या बारा जणांना विचारलं, चूक नव्हती तर माफी मागायला का गेला? आमच्या तोंडाच्या वकिलानं आमची रीत समजावली. त्यावर बारातल्या एका बाईनं मान हलवली. उभी की आडवी, ते त्या ठोंब्याला दिसलं नाही.

१४ ऑगस्ट
बारा जण खोलीत गेलेत. आत कुणी जायचं नाही. आत काय बोलले, ते त्यांनीही जन्मभर कुणाला सांगायचं नाही.
बसल्या जागी मी त्यांची बारा घरं फिरतेय. प्रत्येक दारात नारळ ठेवतेय. प्रणाली म्हणते, आजी, हाही तिथं गुन्हाच.
अजून बाहेर आलेले नाहीत.
सून आत्ता आली. माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. गेली नाही, उंबऱ्याशी बसलीय.
एक घोट घेतला. तांब्या तिच्याकडे सरकवला.