वायरीवरचे दात

चिमूर, मंगळवार संध्याकाळ, ऑगस्ट २००६

हात अजून ठणकून राह्यला. तीन दिवसांपासून गल्लीत केबलचं इंटरनेट घडीघडी तुटत होतं आन् लाइन माझी म्हणून शिव्या मले. दुसऱ्या केबलवाल्या रफिकभाऊनंच वायर कापली, असं मीच ठरवलं. चौकात त्याची गचांडी धरली.

"अरे, पहिले खांबावर चढून तं पाह्य!" तो म्हणे.

मी तोंडावरच ठोसा हाणला. दात पडला त्याचा.

मग चढलो. वायर कापलेली नव्हतीच, खारीनं कुरतडली होती. बारीक बारीक दात उमटले होते तिच्यावर. पहिलेच काऊन नाई चढलो मी?

खालून रफिकभाऊ, तोंडाले रक्ताचा रुमाल लावून, म्हणाला, "जोडता येत नसन तं मी येऊ का वर?"

त्याच्या दाताची खूण माझ्या मुठीवर आहे.